झिंबाब्वेपुढे काय लिहिलंत?

विश्वचषक कोण जिंकणार, हा रग्बीतला सर्वांत सोपा प्रश्न आहे. १९८७पासून दहा स्पर्धा झाल्या आणि जिंकणारे देश चारच. दक्षिण आफ्रिका चारदा, न्यूझीलंड तीनदा, ऑस्ट्रेलिया दोनदा, इंग्लंड एकदा. या चौघांबाहेर चषक कधी गेलेलाच नाही. तरीही चाहत्यांची सगळी अक्कल, सगळी रात्र आणि सगळा आवाज याच एका प्रश्नावर खर्च होतो.

पुढचा विश्वचषक १ ऑक्टोबर २०२७ला पर्थमध्ये सुरू होईल. पहिल्यांदाच २४ संघ, सहा गट, ऑस्ट्रेलियातली सात शहरं, ५२ सामने. गटांची सोडत ३ डिसेंबर २०२५ला सिडनीत निघाली आणि त्याच संध्याकाळी भाकितं सुरू झाली. ऑस्ट्रेलियात या उद्योगाला टिपिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतून आलेला ‘सुपरब्रू’ नावाचा भाकितांचा खेळ तर रग्बी पाहणाऱ्या जगभर खेळला जातो. विजेता लिहायचा आणि किती गुणांनी जिंकणार तेही लिहायचं.

सिडनी, ऑकलंड आणि लंडनला राहणारे माझे काही मराठी मित्र आपापले तक्ते मला पाठवतात. ते मी मनापासून वाचतो. दक्षिण आफ्रिकेबद्दल पानभर विवेचन असतं. न्यूझीलंडच्या दहा नंबरच्या जर्सीवर दोन परिच्छेद असतात. फ्रान्सचा आँत्वान द्युपाँ तंदुरुस्त राहिला तर काय आणि न राहिला तर काय, याची स्वतंत्र गणितं असतात. मग नजर खाली घसरते. चिली, हाँगकाँग, रोमानिया, झिंबाब्वे. प्रत्येकापुढे एकेक आकडा. पन्नासने हरणार. साठने हरणार. सत्तरने हरणार.

मी विचारतो, झिंबाब्वेचा शेवटचा सामना कधी पाहिलास?

उत्तर येत नाही.

पाहिलेलंच नाही त्याचं भाकीत कसं होईल? हे अंदाजपंचे आकडे आहेत, आणि ते ज्यांच्यापुढे लिहिलेत ती माणसं चार-चार वर्षं या तीन सामन्यांसाठी घाम गाळतात. म्हणून मला राग येतो.

जपानची गोष्ट काढतो. ती आपल्याला पाठ आहे असं प्रत्येक रग्बीप्रेमीला वाटतं.

४ जून १९९५, ब्लूमफाँटेन. न्यूझीलंड १४५, जपान १७. एका सामन्यात २१ ट्राय, म्हणजे एकवीसदा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. त्या दिवसानंतर जपानच्या नावापुढे काय लिहायचं, हे जगाने कायमचं ठरवून टाकलं. पुढची वीस वर्षं तोच आकडा थोडा खाली-वर करून लिहिला गेला. २०१५च्या स्पर्धेला जपान आला तेव्हा आधीच्या सात विश्वचषकांत मिळून त्याच्या खात्यात एकच विजय होता. तो कुणाविरुद्ध, ते पुढे येईल.

१९ सप्टेंबर २०१५, ब्रायटन. समोर दोनदा जगज्जेती ठरलेली दक्षिण आफ्रिका. ऐंशी मिनिटं संपत आली तेव्हा आफ्रिका ३२-२९ अशी पुढे होती. जपानला पेनल्टी मिळाली. गोलात लाथाडली की तीन गुण आणि बरोबरी. जपानसाठी ती बरोबरीसुद्धा इतिहासच ठरली असती. प्रशिक्षक एडी जोन्स यांनाही तेच हवं होतं. कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला. म्हणजे आठ जण विरुद्ध आठ जण, खांद्याला खांदा, आणि चेंडू हरवला तर सगळंच गेलं. चेंडू आधी उजवीकडे गेला, मग पूर्ण मैदान ओलांडून डावीकडे आला, अमानाकी माफीने तो सोपवला आणि कार्न हेस्केथ ट्राय करत कोपऱ्यात पडला. ८४वं मिनिट. ३४-३२.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच शब्द होता, चमत्कार. हा शब्द मला सहन होत नाही. चमत्कार म्हटलं की भाकीत चुकलेल्याची सुटका होते, आणि ज्यांनी काम केलं त्यांचं काम पुसलं जातं.

कारण खुणा समोरच पडलेल्या होत्या. २०१३च्या जूनमध्ये टोकियोत जपानने वेल्सला २३-८ने हरवलं होतं. खरं आहे, वेल्सचे मोठे खेळाडू तेव्हा ब्रिटन-आयर्लंडच्या लायन्स संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते. पण वेल्स तो वेल्सच. पुढच्या वर्षी इटली हरला. स्क्रम शिकवायला फ्रान्सचा मार्क दाल मासो आणला होता, लाइन-आउटसाठी, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू परत खेळात आणायला, इंग्लंडचा माजी कर्णधार स्टीव्ह बोर्थविक. खेळाडू भल्या पहाटे उठून सरावाला उभे राहत. ज्या स्क्रमवर लीचने सगळं पणाला लावलं, तो अनेक वर्षं घासून घेतलेला होता. हे गुपित नव्हतं, छापून येत होतं. तक्ते भरणाऱ्यांनी ते वाचलं नाही.

आणि पुढचं तर फारच थोड्यांच्या लक्षात आहे. त्या सामन्यानंतर चौथ्याच दिवशी जपानला स्कॉटलंडशी खेळायला लावलं. स्कॉटलंडचा तो स्पर्धेतला पहिला सामना होता, पाय ताजे. जपान ४५-१०ने हरला. नंतर सामोआ हरवला, अमेरिका हरवली, चारपैकी तीन सामने जिंकले आणि तरी उपांत्यपूर्व फेरी चुकली. गटात तीन विजय मिळवूनही बाहेर पडलेला तो विश्वचषकातला पहिला संघ. मोठ्या संघांना आठवडाभर विसावा आणि छोट्यांना चार दिवस, असं वेळापत्रक त्या काळी दर स्पर्धेत आखलं जाई. कोणता संघ कितव्या दिवशी खेळतोय हे न पाहता भरलेला तक्ता कागदाच्याही किमतीचा नसतो.

चार वर्षांनी तोच जपान यजमान. स्पर्धेला निघताना आयर्लंड जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर होता. शिझुओकात जपान १९, आयर्लंड १२. पुन्हा चमत्कार! एकाच घरात दोनदा चोरी झाली तर आपण कुलूप तपासतो. इथे मात्र पुन्हा तोच शब्द झाडून पुसून वापरला गेला.

आता वरच्या संघांकडे येतो, कारण तिथल्या भाकितांचा आत्मविश्वासही मला पटत नाही.

२०२३. पॅरिसच्या उपनगरातल्या स्टाद द फ्रान्सवर दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व सामना फ्रान्सविरुद्ध २९-२८ने जिंकला. उपांत्य सामना इंग्लंडविरुद्ध १६-१५. अंतिम सामना न्यूझीलंडविरुद्ध १२-११. सलग तीन बाद फेऱ्या, प्रत्येक वेळी एका गुणाने. उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सचा तोमा रामोस ट्रायनंतरची जादा लाथ, कन्व्हर्जन, मारायला धावला तेव्हा आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बी गोलरेषेवरून सुटला आणि चेंडू हवेत चढायच्या आत त्याने तो अडवला. कन्व्हर्जनचे दोन गुण, आणि सामन्याचा फरक एक. अर्धा सेकंद उशीर झाला असता तर आज आपण वेगळ्याच विजेत्याच्या थोरवीवर लेख वाचत असतो.

त्याहून मोठी गोष्ट हँड्रे पोलार्डची. दुखापतीमुळे तो मूळ संघात नव्हताच. सप्टेंबरमध्ये हूकर माल्कम मार्क्सचा गुडघा गेला. स्क्रमच्या मधोमध उभा राहणारा हूकर गेला, तर कुणीही दुसरा हूकर बोलावेल. आफ्रिकेने पोलार्ड बोलावला, लाथेने गुण मिळवणारा फ्लाय-हाफ. उपांत्य सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरली असताना, स्क्रमवर मिळालेली पेनल्टी पावसात त्याने मारली आणि इंग्लंड बाहेर. अंतिम सामन्यातले सगळेच्या सगळे बारा गुण त्याचे. पण त्या निवडीची किंमतही त्याच सामन्यात मोजावी लागली. सुरुवातीलाच बाँगी म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला आणि हूकरच्या जागी डिऑन फूरीला उभं राहावं लागलं. हा मूळचा हूकर खरा, पण आता फ्लँकर म्हणून खेळणारा. लाइन-आउटमध्ये आफ्रिकेचे चेंडू हातचे गेले. समोर न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन लाल कार्ड घेऊन गेला होता. चौदा जणांचा तो संघ तरीही एका गुणावर आला, एक कन्व्हर्जन आणि एक पेनल्टी हुकली.

स्पर्धेआधी कुणाच्या तक्त्यात पोलार्डचं नाव होतं? ‘मी म्हटलं होतं आफ्रिका जिंकणार’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांचं नाव बरोबर आलं. पण ज्या कारणांनी ते बरोबर आलं, त्यातलं एकही कारण त्यांच्या कागदावर नव्हतं.

२०११ तर याहून भन्नाट. न्यूझीलंडचा डॅन कार्टर जखमी झाला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड जखमी झाला. तिसरा एरन क्रूडन अंतिम सामन्यातच जखमी झाला. चौथा स्टीफन डोनाल्ड. बोलावणं आलं तेव्हा तो वायकाटो नदीवर व्हाइटबेट ही चिमुकली मासळी पकडत होता. उत्तरार्धात त्याने मारलेल्या पेनल्टीने न्यूझीलंडला २४ वर्षांनी चषक मिळाला. ८-७. आणि समोरचा फ्रान्स? गटात दोन सामने हरून, त्यातला एक टोंगाकडून १९-१४ने हरून, अंतिम फेरीत आलेला.

इंग्लंड २००७मध्ये गटात दक्षिण आफ्रिकेकडून ३६-० असा मार खाऊन अंतिम फेरीत पोहोचला होता. १९९९च्या उपांत्य सामन्यात ट्विकनहॅमवर न्यूझीलंड २४-१०ने पुढे असताना फ्रान्सने लागोपाठ ३३ गुण केले. २०१९मध्ये इंग्लंडने न्यूझीलंडला १९-७ असं निष्प्रभ केलं आणि आठवड्याभराने स्वतः ३२-१२ने हरला. आणखी किती सांगू? मागच्या सामन्यावरून पुढचा ओळखायची सवय या खेळात दरवेळी दगा देते.

याच सवयीवर एक बंगाली तोडगा आहे. कलकत्ता चषक. कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला, तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. २०१९च्या मार्चमध्ये ट्विकनहॅमवर स्कॉटलंड ३१-०ने मागे होता. अर्ध्या तासातच पाहणारे उठून चहा करायला गेले असतील. परतले तेव्हा स्कॉटलंड ३८-३१ने पुढे होता. शेवटी ३८-३८. आपल्या टांकसाळीतल्या रुपयांचा तो चषक पाहिला की मला वाटतं, खेळ सुरू असतानासुद्धा पैज लावायची ती जपूनच.

मग भाकीत करूच नये का?

करावं. जरूर करावं. मी स्वतः करतो आणि तारीख घालून ठेवतो. भाकीत लिहिलं की सामना पाहण्याची नजर बदलते. जॉर्जिया जिंकेल असं लिहिलेला माणूस जॉर्जियाच्या स्क्रमकडे बघतो, बाकीचे स्कोअर बघतात. माझं भांडण अर्धवट भाकिताशी आहे. वरची सहा घरं रक्त आटवून भरायची आणि खालची अठरा उरकून टाकायची, याच्याशी.

हा दोष चाहत्यांचा एकट्याचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. छोटे देश दिसतातच कुठे? २००३मध्ये सुरू झालेली जागतिक क्रमवारी गुणांच्या देवाणघेवाणीवर चालते. एक जिंकतो तेवढं दुसरा गमावतो. यजमानाला हिशेबापुरते तीन गुण जास्त धरतात. पंधराहून अधिक गुणांनी जिंकलं तर देवाणघेवाण दीडपट, विश्वचषकात दुप्पट. पण दोन संघांत दहा गुणांहून जास्त अंतर असेल, तर मोठा संघ जिंकून काहीच कमावत नाही. मग मोठ्याने छोट्याशी खेळावं कशाला? विश्वचषकाबाहेर क्वचितच खेळतो. त्यात जुलै २०२६पासून बारा देशांची नवी ‘नेशन्स चॅम्पियनशिप’ आखली आहे. युरोपातले सहा, दक्षिण गोलार्धातले चार, शिवाय जपान आणि फिजी. खालून वर यायची वाट २०३०पर्यंत बंद. जॉर्जियाने २०२२च्या जुलैत बाटुमीला इटलीला २८-१९ने आणि नोव्हेंबरमध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १३-१२ने हरवलं. तरी दाराबाहेर. इटली आणि वेल्स आत. दार लावून घ्यायचं आणि मग बाहेरच्यांबद्दल ‘ते तयार नाहीत’ म्हणायचं, हा कारभार मला लबाडीचा वाटतो.

सोडतीचंही तसंच. २०२३च्या स्पर्धेची सोडत २०२०च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं आधी निघाली, आणि मानांकनासाठी क्रमवारी धरली १ जानेवारी २०२०ची. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. स्पर्धा येईपर्यंत जगातले पाचही पहिले संघ तक्त्याच्या एकाच अर्ध्यात कोंबले गेले होते. फ्रान्स आणि आफ्रिका, आयर्लंड आणि न्यूझीलंड उपांत्यपूर्व फेरीतच भिडले. सलग १७ कसोट्या जिंकलेला आयर्लंड २८-२४ने घरी गेला. उपांत्यपूर्व फेरीतला त्याचा हा आठवा पराभव. त्यापुढे तो कधीच गेलेला नाही. डब्लिनचे चाहते आता ते भाकीत म्हणून लिहीत नाहीत, जुन्या दुखण्यासारखं सांगतात. या वेळी सोडत दोन वर्षांच्या आत आणली, एवढं शहाणपण आलं.

आता २०२७चा कागद समोर घ्या.

सहा गट, प्रत्येकी चार संघ. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातील आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सहांपैकी चार. म्हणजे १६ संघ बाद फेरीत. हा नियम नवा आहे आणि त्याने सगळं गणित हलवलंय. जिंकल्याचे चार गुण, बरोबरीचे दोन. चार ट्राय केले तर एक जादा. सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तरी एक. तिसऱ्या जागेच्या शर्यतीत हा एकेक गुण सोन्याचा होणार. म्हणजे जे आकडे तुम्ही आजवर डोळे मिटून लिहीत होतात, साठने की सातने, तेच आता कोण पुढे जाणार ते ठरवतील. २०२३मध्ये त्याची चुणूक दिसली होती. तूलूझला पोर्तुगालने फिजीला २४-२३ने हरवलं, पोर्तुगालचा विश्वचषकातला पहिला विजय. फिजीवाले रडत होते, पण एका गुणाने हरल्याचा जो गुण मिळाला त्यावर ते उपांत्यपूर्व फेरीत गेले आणि ऑस्ट्रेलिया पहिल्यांदाच गटातून बाहेर पडला. त्याच ऑस्ट्रेलियाला फिजीने तीन आठवड्यांपूर्वी २२-१५ने हरवलं होतं, १९५४नंतर पहिल्यांदा.

आणि २०१९चं जपानमधलं कामाइशी कोण विसरेल? २०११च्या त्सुनामीत वाहून गेलेल्या शाळांच्या जागेवर बांधलेलं छोटंसं मैदान, भर दुपार, आणि उरुग्वे ३०, फिजी २७. उरुग्वेच्या कर्णधार गामिनाराला अश्रू आवरत नव्हते. चार दिवसांपूर्वी फिजीने ऑस्ट्रेलियाला घाम फोडला होता, म्हणून सगळ्यांनी फिजी लिहिलं होतं. चौथा दिवस! पुन्हा तेच वेळापत्रक.

तर माझा कागद. मी तो खालून वर भरतो.

‘अ’ गटात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया आहेत, त्यावर सगळं जग बोलेल. मला चिली आणि हाँगकाँग हा सामना पाहायचाय. हाँगकाँगची ही पहिलीच स्पर्धा, चिलीची दुसरी. २०२३चे चारही सामने हरलेल्या चिलीला पहिला विजय हवा आहे. चिली, बाराने.

‘ब’ गटात जॉर्जिया इटलीला तीनने हरवेल. बाटुमी मी विसरलेलो नाही.

‘क’मध्ये अर्जेंटिना, फिजी, स्पेन, कॅनडा. एका अपात्र खेळाडूपायी २०२३ची जागा स्पेनच्या हातून गेली होती. ते १९९९नंतर प्रथमच येताहेत. कॅनडावर स्पेन, नऊने. फिजी अर्जेंटिनावर, चारने.

‘ड’मध्ये आयर्लंड, स्कॉटलंड, उरुग्वे, पोर्तुगाल. उरुग्वे-पोर्तुगाल हा माझ्या मते साखळीतला सर्वांत सुंदर सामना ठरेल. दोन्ही संघ चेंडू हातात ठेवून धावणारे. पोर्तुगाल, दोनने. ‘ई’मध्ये जपान सामोआला पंधराने हरवेल, फ्रान्सला मात्र हरवणार नाही.

विजेता विचाराल तर फ्रान्स. १९८७, १९९९, २०११ असे तीन अंतिम सामने हरलेला देश. या वेळी चौघांच्या यादीत पाचवं नाव येईल. कारण माझ्याजवळ एकच आहे, बाकीचे चौघेही थकलेले येतील असं नाही, पण फ्रान्सइतका खोल खेळाडूंचा साठा मला दुसरीकडे दिसत नाही. चुकलो तर चुकलो. त्या घराचं मला फार वाटत नाही.

उरला ‘फ’ गट. इंग्लंड, वेल्स, टोंगा, झिंबाब्वे.

आता ते राहिलेलं उत्तर. २०१५पूर्वी जपानने विश्वचषकात जिंकलेला एकमेव सामना १९९१चा, बेलफास्टचा. ५२-८. समोर झिंबाब्वे होता. त्यानंतर झिंबाब्वे विश्वचषकात दिसलाच नाही. १९८७ आणि १९९१ मिळून सहा सामने, सहा पराभव. त्यातला एक रोमानियाकडून २१-२० असा, एका गुणाने. एक गुण! मग छत्तीस वर्षं काहीच नाही.

पण झिंबाब्वेची माणसं विश्वचषकात होती. २०१९चा चषक उंचावणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या संघात ‘बीस्ट’ म्हणून ओळखला जाणारा तेंडाई म्तवारिरा होता, जन्म हरारेचा. २०१५च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियासाठी ट्राय करणारा आणि पुढे तिथल्या संसदेत सिनेटर झालेला डेव्हिड पोकॉक ग्वेरूचा. २००७मध्ये अमेरिकेच्या जर्सीत ब्रायन हबानाला, त्या काळच्या वाऱ्याला, धावत मागे टाकणारा ताकुद्झ्वा एंग्वेन्या हरारेचाच. देश हलाखीत गेला, माणसं बाहेर पडली, आणि दुसऱ्यांच्या झेंड्याखाली त्यांनी जे केलं ते सगळ्या जगाने डोक्यावर घेतलं. त्यांच्या मायदेशापुढे मात्र आपण साठ लिहितो.

२०२५च्या जुलैत कंपालाला आफ्रिका खंडाच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. झिंबाब्वे ३०, नामिबिया २८. १९९९पासून सलग सात विश्वचषक खेळलेल्या नामिबियाला दोन गुणांनी मागे टाकून झिंबाब्वे आत आला. त्याच्या गटातला वेल्स मधल्या काळात सलग १८ कसोट्या हरलेला आहे. टोंगाचे खेळाडू जगभरच्या क्लबांतून ऐनवेळी एकत्र येतात. तिसऱ्या क्रमांकालाही आता पुढची वाट आहे. हे सगळं कागदावर आहे, कुणीही वाचावं.

इंग्लंडपुढे झिंबाब्वे हरेल, पस्तीसने. वेल्सपुढे हरेल, अकराने. टोंगाचा सामना मी रात्रीचा गजर लावून पाहणार आहे. त्या घरात मी शाईने लिहिलंय: झिंबाब्वे २६, टोंगा २४.